आचारी, आचार्य आणि बॉफ

डिसेंबर २०१०. बंगळुरात निमहान्सच्या सभागृहात 'फॉस-इन' ही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद भरली होती. मला नोकरीला लागून दीडच वर्ष झालं होतं. गळ्यात नावाचा बिल्ला, पाठीवर कंपनीची बॅग आणि पोटात गोळा. कारण ज्या माणसाशी मी दोन महिने इंटरनेटवर भांडत होतो, तो संध्याकाळी समोर येणार होता.

भांडण कशावरून? 'र' वरून! हसू नका. 'आचार्यांना बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना बोलावलं' यात किती फरक आहे, हे लग्नघरात विचारा. पण संगणकाला 'र', हलन्त आणि 'य' दिले की तो आपला रफार काढून मोकळा होतो, आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. 'ऱ्य' हवा असेल तर न दिसणारं एक जोडचिन्ह घालावं लागतं. ते हलन्ताच्या नंतर यायला हवं, असं माझं म्हणणं. समोरचा म्हणत होता, आधी. तो कानडी लिपीवर काम करायचा, एवढंच मला माहीत होतं.

नोव्हेंबर उजाडला आणि माझा तोल गेला. सीमाभागात वाढलेल्यांना सांगायला नको, १ नोव्हेंबरला आमच्याकडं एकाच रस्त्यावर कुणी राज्योत्सव करतं, कुणी काळा दिवस पाळतं. त्याच आठवड्यात मी त्याला लिहिलं, "तुम्हा लोकांना दुसऱ्याची भाषा दिसतच नाही." मुद्दा अक्षराचा होता आणि मी गेलो माणसावर. त्याचं उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी दोनच ओळी आल्या: "मी फॉस-इनला येतोय. बॉफमध्ये बोलू."

बॉफ म्हणजे काय, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. 'बर्ड्स ऑफ अ फेदर' याची ही आद्याक्षरं. आपण म्हणतो ना, एका माळेचे मणी, तसंच. मोठ्या परिषदेत भाषणं संपली की एका विषयाचे वेडे लोक एखादी खोली धरतात. वक्ता नाही, व्यासपीठ नाही. फळ्यावर विषय आणि वेळ लिहायची, येतील ते आपले.

जुन्या युनिक्सवाल्यांच्या परिषदांतही अशा बैठका भरत. १९७९ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी 'यूझनेट'ची कल्पना काढली. संगणकांनी एकमेकांना फोन लावायचा आणि साठलेले निरोप पुढं ढकलायचे. रात्री फोनचे दर कमी, म्हणून हे काम बरंचसं रात्री चाले. जानेवारी १९८० मध्ये बोल्डर इथं झालेल्या 'यूझनिक्स' परिषदेत एलिसने या जाळ्याची माहिती देणारं पत्रक वाटलं. म्हणजे इंटरनेट घराघरांत येण्याआधीच्या या चर्चेच्या जाळ्यालाही वाढायला माणसांचा प्रत्यक्ष मेळावा लागला! पुढं त्याच परिषदांत, रोज पडद्यावर वाद घालणारी माणसं एकमेकांचे बिल्ले वाचत फिरू लागली, "अच्छा, तो तू होय!"

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. पण त्याआधीही मोडेमवरून फोन लावून वापरायचे 'बुलेटिन बोर्ड' होते. कुणाच्या तरी घरातला संगणक फोनला जोडलेला, आपण फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला लिहून ठेवायचा. लांबचा फोन परवडत नसे, म्हणून सभासद बहुतेक गावातलेच. साहजिकच भेटणंही सोपं.

बंगळुरात १९८९ मध्ये 'सिक्स' नावाचा असा बोर्ड सुरू करणारे अतुल चिटणीस. जन्म १९६२ चा, बर्लिनमधला, पण इंजिनिअरिंग केलं आपल्या बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये! १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी घरोघर पोचली, त्यामागेही तेच होते. २००१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'लिनक्स बँगलोर' परिषद सुरू केली. तिचंच पुढं 'फॉस-इन' झालं. बेळगावात बीई करताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बंगळुरात आल्यावर कळलं आणि उगाच छाती फुगली.

तर ती संध्याकाळ. खोलीत दहा-बारा जण. एक सडपातळ मुलगा माझा बिल्ला वाचून जवळ आला आणि चक्क मराठीत म्हणाला, "निपाणीचा काय तू?"

मी गारच. "तुला कसं कळलं?"

"आडनावावरनं वाटलं. मी चिकोडीचा की!"

तेव्हा निपाणी चिकोडी तालुक्यातच होती. म्हणजे मी 'तुम्हा लोकांना' म्हणून ज्याला सुनावलं, तो माझ्याच तालुक्यातला निघाला. घरी कानडी, बाजारात मराठी, ऑफिसात इंग्रजी. माझ्यापेक्षा एक भाषा जास्तच.

त्याने परिषदेचं वेळापत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं काढायला लागला. कानडीतही हीच पंचाईत! 'रँक' हा शब्द लिहिताना 'र' पुढं राहून 'य' खाली यायला हवा, पण संगणक तिथंही रफारासारखी खूण काढतो. त्यांनाही तेच न दिसणारं चिन्ह लागतं. फक्त त्यांच्याकडं ते हलन्ताच्या आधी येतं, आपल्याकडं नंतर. दोघंही आपापल्या लिपीपुरते बरोबर होतो. एकच नियम दोन्हींना लावायचा हट्ट तेवढा चुकीचा होता. दोन महिन्यांचं भांडण वीस मिनिटांत संपलं.

पण ती ओळ? ती मनातून जात नव्हती. चहा घेताना मी म्हणालो, "मी ते लिहायला नको होतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाईट वाटलं होतं. म्हणून तर भेटू म्हटलं. लिहून उत्तर दिलं असतं तर अजून चार ओळी वाढल्या असत्या."

त्या रात्री दुरुस्ती आम्ही दोघांच्या नावांनी पाठवली. २०१२ नंतर फॉस-इन भरली नाही आणि ३ जून २०१३ ला अतुल चिटणीस गेले. पण तिथं जमलेली मैत्री टिकली. दिवाळीत मी निपाणीला गेलो की एक चक्कर चिकोडीला होतेच. त्याची आई मला कानडीत रागावते, "इतका बारीक का झालास?" मला सगळं कळतं आणि उत्तर मी मराठीत देतो. तिलाही सगळं कळतं.

आता आपली मुलं दिवसभर ग्रुपवर वाद घालतात. घालू देत, वादाशिवाय कुणी शिकत नाही. फक्त बोटं गरम झाली की एकदा विचारा, "कुठं भेटतोस?" कोण जाणे, समोरचा तुमच्याच तालुक्यातला निघायचा!