महिनाभर रोज एक शाईचें चित्र

ऑक्टोबर महिना लागला कीं जगाच्या निरनिराळ्या भागांत हजारों माणसें एक लहानसा नेम धरितात. रोज एक चित्र काढावयाचें, तें शाईनें काढावयाचें, आणि महिन्याचे एकतीस दिवस हा क्रम चालवावयाचा. जेक पार्कर नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें हा उपक्रम २००९ सालीं प्रथम स्वतःपुरता आरंभिला. शाईच्या कामांत आपला हात बसावा व रोज चित्र काढण्याची संवय जडावी, एवढाच त्याचा हेतु होता. शाई या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि महिन्याचें नांव यांचा सांधा जोडून त्यानें त्यास 'इंकटोबर' असें म्हटलें. पुढें रोजच्या चित्राला विषय म्हणून एकेक शब्द देणारी यादीहि निघूं लागली. चातुर्मासांत एखादी गोष्ट धरणाऱ्या किंवा सोडणाऱ्या आपल्या समाजाला यांत परकें वाटावें असें कांहीं नाहीं.

पण शाईच कां? शिसपेन्सिलीच्या पाठीशीं खोडरबर उभें असतें. रेघ चुकली तर पुसूं, या भरंवशावर हात निष्काळजी होतो. आणि पुसून पुसून चित्राचा कागद मळतो तो निराळाच. शाईला हा आधार नाहीं. शिवाय पेन्सिल हलकी दाबली तर करडा रंग देते, शाई फक्त काळी. छाया दाखवावयाची ती रेघांनींच. पाण्याची घागर घ्या. अंधाऱ्या बाजूस रेघा जवळ जवळ, त्यांवर आडव्या रेघांचें दुसरें जाळें; उजेडाकडे येतांना रेघा विरळ होत जावयाच्या; आणि जेथें ऊन चमकतें तेथें कागद कोरा. हा कोरा भाग आधीं मनांत ठरवावा लागतो, कारण पांढरें मागाहून आणतां येत नाहीं. म्हणून शाईनें काढणारा काढण्यापूर्वीं अधिक वेळ पाहतो. माझ्या मतें या नेमाचा खरा लाभ एवढाच आहे. चित्रें चांगलीं होणें ही पुढची गोष्ट.

साहित्याला फारसा खर्च नाहीं. पेशवे दफ्तरांतील मोडी कागद ज्यानें लिहिले तो बोरू आजहि चित्राला उत्तम. टोंक तिरकें कापावें, मध्यें बारीक चीर द्यावी, म्हणजे दाबाप्रमाणें रेघ जाड-बारीक होते. जुनी शाई दिव्याच्या काजळीची व डिंकाच्या पाण्याची असे. काजळी उन्हानें उडत नाहीं, म्हणून तीं अक्षरें अजून काळीं दिसतात. फाउंटन पेनची शाई बहुधा रंगाची असते. ती उन्हांत फिकटते व पाण्यानें पसरते. कागदाविषयीं आम्हां या भागांतील लोकांना दूर जावयास नको. दौलताबादेहून खुलताबादेकडे जातांना कागजीपुरा लागतो. तेथील हातकागदाची परंपरा लोक मुहंमद तुघलकाच्या काळापर्यंत नेतात. जुन्या पद्धतींत कागदाला खळ देऊन तो दगडानें घोटीत, त्यामुळें शाई वर राही, फुटत नसे. आज विकत घेतांना कोपऱ्यावर एक थेंब टाकून पाहावा. थेंबाला मिशा फुटल्या तर तो कागद दुसऱ्या कामाला ठेवावा.

मीं गेल्या ऑक्टोबरांत हा नेम धरिला त्याचें कारण कलेचें नव्हतें. साठी उलटल्यावर माझ्या उजव्या हाताला थोडा कंप आला. जन्मभर फळ्यावर अक्षर वळवून दाखविलेला हात. एका बँकेंत त्याची सही जुनीशीं जुळेना आणि खिडकीवरील तरुणानें कागद तीनदां परत केला. तो त्याच्या जागीं बरोबरच होता. घरीं येऊन मीं ठरविलें कीं, हा हात आहे तसा कामाला लावून पाहावा.

विषय चिकलठाण्यांतलेच घेतले. आमच्या गांवाच्या एकीकडे कारखान्यांची वसाहत, दुसरीकडे विमानतळ, जालन्याचा रस्ता आणि जवळून जाणारी सुखना नदी. अंगणांतला कडुनिंब चार वेळां काढला. पानें मोजूं लागलें तर तो कागदावर उतरत नाहीं, पानांच्या पुंजक्यांमधला काळोख काढला कीं उतरतो. जातें, कंदील, भाकरीची परात, कामाची पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीशीं उभ्या सायकली. सायकलीइतकी कठीण वस्तु दुसरी नसावी!

कंपाविषयीं जें दिसलें तें सांगतों. बोटांनीं सावकाश ओढलेली लांब रेघ थरथरते. तीच खांद्यापासून हात हलवून एका दमांत ओढली तर पुष्कळ सरळ येते. आणि आंखूड रेघांच्या जाळ्यांत कंप दिसतच नाहीं. खडबडीत भिंत, झाडाची साल यांना तर तो शोभतो. कंप गेला नाहीं, सही अजूनहि कधीं जुळते, कधीं नाहीं. दोन दिवस तापानें गेले आणि चित्रें एकोणतीस झालीं.

जपानचा होकुसाई ऐंशी ओलांडल्यावर, १८४२-४३ च्या सुमारास, रोज सकाळीं अरिष्ट टळावें म्हणून शाईनें एक सिंह काढीत असे; त्यांतील दोनशेंहून अधिक कागद उरले आहेत. आपल्याजवळचें उदाहरण म्हणजे गोव्याच्या लोटली गांवचे मारिओ मिरांडा (१९२६-२०११). तरुणपणीं ते रोजनिशी चित्रांनींच लिहीत: लग्नें, मिरवणुकी, शेजारीपाजारी. १९४९, १९५० व १९५१ या सालांच्या त्या रोजनिशा पुढें पुस्तकरूपानें निघाल्या. त्यांना कोणी यादी दिली नव्हती, कीं महिना ठरवून दिला नव्हता.

हल्लीं पुष्कळ जण काढलेलें चित्र त्याच रात्रीं जगाला दाखवितात आणि किती जणांनीं वाखाणलें तें मोजीत बसतात. मला हें रुचत नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत हात कंटाळतो, त्या वेळीं टाळ्या मोजणारा आधीं गळतो. ज्यांना रोज झेपत नाहीं त्यांना दिवसाआड किंवा आठवड्याला एक काढण्याची मोकळीक पार्कर यानेंच ठेविली आहे, ती घ्यावी. आमचीं मुलें एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा देतात आणि प्रमाणपत्र हातीं पडतांच दौत बंद करितात. त्यांच्या आईबापांनीं निदान दिवाळीच्या सुटींत ती उघडून द्यावी.

यंदा करूं इच्छिणाऱ्यांनीं सप्टेंबरअखेर पोस्टकार्डाएवढे पस्तीस तुकडे कापून ठेवावे. चार जादा, शाई सांडण्यासाठीं. वेळ एकच ठरवावी. मला सकाळचें तिरपें ऊन बरें वाटलें, कारण तेव्हां सांवल्या लांब असतात. पाण्यानें न पुसणारी काळी शाई फाउंटन पेनमध्यें भरूं नये, ती आंत वाळून पेन बंद पाडते. तिला टाक किंवा बोरू घ्यावा, आणि काम संपतांच तो धुऊन, पुसून, टोंक वर करून ठेवावा.