उजव्या कप्प्यावरचा भार

नागपुरात ‘मेडिकल’ म्हटले की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि ‘सुपर’ म्हटले की त्याच महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी. सक्करदरा, हनुमाननगर, मानेवाडा या भागांतल्या लोकांना दोन्ही जवळची. छातीच्या आजाराला मेडिकल, हृदयाच्या आजाराला सुपर, अशी ढोबळ वाटणी लोकांच्या डोक्यात पक्की आहे. पण सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून भाजीची पिशवी घेऊन घरी येताना तीनदा थांबावे लागणाऱ्या साठीच्या माणसाने कुठे जायचे? दम लागतो, पायावर सूज येते, रात्री उशी उंच लागते. हे फुप्फुसाचे दुखणे की हृदयाचे? अनेकदा दोन्हींचे असते, आणि एकाच्या मागे दुसरे लपल्यामुळे ते उशिरा सापडते.

यातला सर्वांत मोठा दुवा म्हणजे सीओपीडी. या आजारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि हवेच्या बारीक पिशव्यांच्या (वायुकोशांच्या) भिंती झिजून जातात. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या भारतव्यापी अंदाजानुसार, २०१६ साली देशात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के, पण जुनाट श्वसनरोगांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यात तो ३२ टक्के. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, सौम्य किंवा मध्यम सीओपीडी असलेले बहुतेक रुग्ण श्वास कोंडून जात नाहीत. त्यांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकार आणि फुप्फुसाचा कर्करोग वरच्या क्रमांकावर असतात.

सिगारेट-बिडी हे जुने कारण आहेच. गोंदिया-भंडाऱ्याच्या तेंदूपानावर उभा राहिलेला बिडीचा धंदा विदर्भाला नवा नाही. पण धूर फक्त बिडीतून येत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, तर लाकूड, शेण, काडीकचरा जाळून होणाऱ्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. विदर्भातल्या खेड्यात चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या जातात. फुंकणीने जाळ धरताना बाईचे तोंड धुराच्या सर्वांत दाट भागात असते. त्यात शहराची हवाही स्वच्छ नाही. कोराडी आणि खापरखेडा ही कोळशावरची वीज केंद्रे नागपूरला लागून आहेत आणि सक्करदऱ्यातून निघालेला उमरेड रोड वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (‘वेकोलि’च्या) खुल्या कोळसा खाणींकडे जातो. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूरचे नाव होते.

चुलीच्या धुराचा धागा थेट हृदयापर्यंत नेण्याचे काम भारतातच झाले. डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ मानल्या जातात. अमेरिकेत हेलन टाऊसिग आणि पॉल डडली व्हाइट यांच्या हाताखाली शिकून आल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात हृदयरोग विभाग उभा केला. तिथे येणाऱ्या बायकांपैकी अनेकींचे हृदय उजव्या बाजूने फुगलेले असे. त्यांच्या हृदयाच्या झडपा ठीक होत्या आणि बहुतेकींनी बिडीला हात लावला नव्हता. १९५९ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात त्यांनी १२७ रुग्णांचा अभ्यास मांडला. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यत्वे म्हाताऱ्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा समजला जाई. दिल्लीत मात्र तो बायकांत पुरुषांइतकाच दिसत होता, आणि तोही कमी वयात. संशय चुलीकडे वळला. फुप्फुसाच्या आजारामुळे उजव्या हृदयावर आलेल्या या संकटाला वैद्यकात ‘कॉर पल्मोनाले’ म्हणतात. पद्मावती २०२० मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी गेल्या, कोविडने.

उजवी बाजूच का, हे समजायला हृदयाची रचना पाहावी लागते. डावा कप्पा रक्त सगळ्या शरीराला पाठवतो, म्हणून त्याची भिंत जाड, सुमारे एक सेंटिमीटर. उजव्या कप्प्याचे काम फक्त शेजारच्या फुप्फुसातून रक्त फिरवून आणण्याचे. तिथला दाब जेमतेम १४ मिलिमीटर पारा, म्हणून त्याची भिंत ३ ते ५ मिलिमीटरची. पण रक्त मात्र तेवढेच: मिनिटाला सुमारे पाच लिटर. शरीराच्या इतर अवयवांना त्यातला वाटा मिळतो, फुप्फुसाला सगळेच मिळते.

आता फुप्फुसाची एक खोड लक्षात घ्यावी. १९४६ मध्ये स्टॉकहोममध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की, हवेतला ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीरात इतरत्र त्या उलट रुंदावतात. फुप्फुसाचा एखादा कोपरा न्यूमोनियाने बंद पडला, तर ही खोड उपयोगाची असते, कारण रक्त तिकडे वाया न जाता चांगल्या भागाकडे वळते. पण सीओपीडीत बिघाड कोपऱ्यापुरता नसतो. सगळीकडेच ऑक्सिजन कमी, म्हणून सगळीकडच्याच वाहिन्या आकसतात. वायुकोशांच्या भिंती झिजल्याने त्यांतल्या केशवाहिन्याही गेलेल्या असतात. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवते आणि रक्त घट्ट होते. तिन्ही गोष्टी मिळून दाब चढतो. सरासरी दाब २० मिलिमीटरच्या वर गेला की त्याला फुप्फुसाचा उच्च रक्तदाब म्हणतात. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी वेगळा, त्यात हे दिसत नाही.

पातळ भिंतीचा उजवा कप्पा आधी जाड होतो, मग फुगतो, मग थकतो. मागे तुंबलेले रक्त बाहेरून दिसते. मानेची शीर फुगलेली असते. उजव्या बरगडीखाली यकृत जड होते, जेवण जात नाही. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरला आणि उचलला, तर तिथे खळगा पडून राहतो. घरात याला बहुतेकदा ‘वयामुळे येणारी सूज’ म्हणतात.

डावा कप्पाही सुटत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रॅहम बार यांच्या गटाने २०१० मध्ये २,८१६ लोकांचे स्कॅन तपासले. बहुतेकांना श्वासाचा मोठा आजार नव्हता. तरीही वायुकोश जितके झिजलेले, तितका डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला कमी भरत होता. हृदय बिघडण्याचे आणखी एक कारण म्हणजे फुप्फुसातला जुनाट दाह. धुराने चिडलेल्या फुप्फुसातला हा दाह रक्तात उतरतो आणि हृदयाच्या धमन्यांतले मेदाचे थर अस्थिर करतो, या मताकडे बहुतेक तज्ज्ञांचा कल आहे.

वाट उलट्या दिशेनेही जाते. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आक्रसली, की रक्त फुप्फुसात तुंबते. बाई गरोदर राहिली की रक्ताचे प्रमाण वाढते आणि दम लागू लागतो, खोकला येतो, घरघर ऐकू येते. दमा समजून ‘पंप’ सुरू होतो आणि झडप तशीच राहते.

मग तपासायचे कसे? सीओपीडीसाठी स्पायरोमेट्री. खोल श्वास घेऊन नळीत एकदम फुंकायचे, आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हे यंत्र सांगते. हृदयासाठी टू-डी इको. पण इथेच गंमत आहे. रुग्ण डाव्या कुशीवर झोपतो, जेल लावून बरगड्यांमधून यंत्र टेकवले जाते आणि पडद्यावर धूसर करडे ढग दिसतात. ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत आणि सीओपीडीत हवा भरून फुगलेले फुप्फुस हृदयासमोर आलेले असते. अनुभवी डॉक्टर मग यंत्र छातीच्या हाडाखाली, पोटाच्या बाजूने वर रोखतात. उजव्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग मोजून दाबाचा अंदाज काढतात.

विदर्भात या वेगाला आणखी एक महत्त्व आहे, कारण इथे सिकलसेल हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. कोयत्याच्या आकाराच्या पेशी फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत अडकतात, फुटतात, आणि त्याचा भार पुन्हा उजव्या कप्प्यावर पडतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात सिकलसेलच्या १९५ प्रौढांपैकी ३२ टक्क्यांत हा वेग सेकंदाला अडीच मीटर किंवा त्याहून जास्त निघाला, आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त होते. पुढे २०११ मध्ये फ्रान्समध्ये ३९८ रुग्ण तपासले, तेव्हा वेग वाढलेले २७ टक्के होते. हृदयात नळी घालून खात्री केल्यावर खरा उच्च दाब मात्र ६ टक्क्यांतच सापडला. म्हणजे इको इशारा देतो, निकाल नळी देते.

ही नळी पहिल्यांदा कुणी घातली, हाही किस्सा आहे. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी सरकवली आणि तशीच ठेवून जिना उतरून एक्स-रे काढायला गेला. पुढे न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी हे तंत्र पक्के केले. त्यांना अभ्यासायचे होते फुप्फुस, त्यासाठी रस्ता धरला हृदयाचा. १९५६ चे नोबेल तिघांना मिळाले.

या रुग्णांना हिवाळा विशेष जपावा लागतो. नागपुरात पारा दहाच्या खाली गेला की शेकोट्या पेटतात, सर्दी-ताप फिरतो आणि सीओपीडी उसळतो. हृदयाचा धोकाही याच दिवसांत चढतो. कॅनडातल्या ओंटारिओच्या २०१८ मधील अभ्यासानुसार, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट अटॅकचे प्रमाण एरवीच्या सहापट होते. म्हणून फ्लूची लस श्वासाच्या रुग्णाला हृदयासाठीही लागते.

उपचारांत जुनी भीती एक आहे: बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी दमा वाढतो. दम्यात जपायला हवेच. पण सीओपीडीत हृदयासाठी खरी गरज असेल, तर मुख्यतः हृदयावर काम करणाऱ्या या गटातल्या गोळ्या बहुतेकांना चालतात. डॉक्टरला न विचारता त्या बंद करणे जास्त धोक्याचे. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कायम फार कमी असतो, त्यांना तो घरी दिवसाला किमान १५ तास द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच वर्षांत ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ पैकी १९ जण दगावले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. दम लागला की पाच मिनिटे ऑक्सिजनची नळी लावायची, याने हे साधत नाही. आणि ऑक्सिजनच्या प्रवाहाचा आकडा स्वतः वाढवूही नये, कारण जास्त ऑक्सिजनने काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साचतो.

सर्वांत दुर्लक्षित उपचार मात्र व्यायामाचा आहे. अमेरिकेत सीओपीडीने रुग्णालयात राहून घरी गेलेल्या जवळजवळ दोन लाख ज्येष्ठांची नोंद २०२० मध्ये तपासली गेली. तीन महिन्यांत देखरेखीखाली व्यायाम सुरू करणारे होते फक्त दीड टक्का. वर्षभरात त्यांच्यातले ७.३ टक्के दगावले, इतरांतले १९.६ टक्के. जे मुळात धडधाकट होते तेच व्यायामाला गेले असणार, त्यामुळे सगळा फरक व्यायामाचा नाही. तो हिशेब जमेस धरल्यावरही फायदा उरला. असा व्यायाम करून घेणाऱ्या केंद्रासाठी महागडे यंत्र लागत नाही. सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो हे मोजायला ३० मीटरचा मोकळा व्हरांडा, दम लागला तर बसायला खुर्ची, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस वेळ देणारा फिजिओथेरपिस्ट पुरतो.