रंगवलेला गालिचा विकताय? मग भाव फुटावर सांगू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फरशीवर रंगवायच्या गालिचाचं काम बघितलं. व्हिडिओत आकडे जरा भराभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडतोय. भिंतीचं रंगकाम करणाऱ्यांनी आणि ज्यांचा चित्रकलेचा हात बरा आहे त्यांनी कागद-पेन घेऊनच वाचा.

आधी गिऱ्हाईक हे काम का मागतं ते समजून घेऊ. नव्या फ्लॅटमध्ये हॉल आणि डायनिंगच्या मध्ये भिंत नसते. एकच लांबलचक खोली. एका टोकाला सोफा, दुसऱ्या टोकाला टेबल, आणि मधलं सगळं अधांतरी. जमिनीवर काठाची एक चौकट काढली की डोळ्याला लगेच कळतं, इथे बसायचं, तिथे जेवायचं. वाट अडत नाही, उजेड अडत नाही. म्हणजे गिऱ्हाईक नक्षीसाठी पैसे देतंय असं आपल्याला वाटतं, पण खरं तर ते हद्द आखून घेतंय. नक्षी जरा साधी असली तरी चालते. हद्द चुकली तर काम फसलं.

कल्पना काही नवी नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींत रंगीत सिमेंटच्या फरश्या पाहिल्या असतील. कडेने काठ, मधे वेलबुट्टी, जणू कोणी गालिचाच अंथरलाय. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी 1922 मध्ये सुरू झाली ती अशाच फरश्या बनवायला. आपण तेच काम ब्रशने करतोय, एवढंच.

आता माप. जेवणाचं टेबल 5 बाय 3 फूट असेल तर चारही बाजूंनी 2-2 फूट सोडा, म्हणजे गालिचा 9 बाय 7 चा. का? खुर्ची मागे ओढली तरी तिचे पाय चौकटीतच राहायला हवेत. सोफ्याजवळ निदान पुढचे पाय चौकटीत घ्या. आणि भिंतीवर भरवसा ठेवून रेघ मारू नका. आपल्याकडे किती खोल्या गुण्यात असतात ते तुम्हाला मी सांगायला नको! खडूची दोरी मारा, मग दोन्ही कर्ण मोजा. 9 बाय 7 ला दोन्हीकडून साधारण 11 फूट 5 इंच यायला हवेत. एक इंचाचा फरक भिंतीवर खपून जातो. जमिनीवर फरशीच्या सांध्याशेजारी तो रोज दिसतो.

जमिनीच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा. कोबा, काँक्रीट, लाकूड यांवर रंग चांगला धरतो. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे रंगालाही धरायला जागा मिळत नाही. तिथे तेलकटपणा काढणं, घासून चमक मारणं आणि टाइलसाठीचा प्रायमर, यातलं काहीही वगळलं तर पापुद्रे निघणारच. तळमजल्यावर, विशेषतः कोकणात, आधी ओल तपासा. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि निदान 16 तास तसाच ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळवंडली तर काम घेऊ नका. हो, ॲडव्हान्स हातात असला तरी परत करा. आणखी एक, इपॉक्सी उन्हात पिवळी पडते. खिडकीसमोरची जागा असेल तर वरचा हात उन्हात न पिवळणाऱ्या पॉलियुरेथेनचा द्या.

आता मूळ मुद्दा, पैसे. पुढचे आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. पहिल्या दिवशी घासणं आणि प्रायमर, दुसऱ्या दिवशी जमिनीचा रंग, तिसऱ्या दिवशी काठ आणि नक्षी, चौथ्या दिवशी वरचा पारदर्शक हात. कारागिराचे 900 आणि मदतनिसाचे 600, असे चार दिवसांचे 6,000. येण्या-जाण्याचे 800. 9 बाय 7 ला सामान 3,800 चं धरू. एकूण 10,600 रुपये, म्हणजे फुटाला सुमारे 168.

हेच काम 12 बाय 9 चं आलं तर? दिवस जवळपास तेवढेच लागतात, कारण वेळ वाळण्यात जातो. सामान 6,500 धरलं तर एकूण 13,300, म्हणजे फुटाला 123. आणि दारातला 4 बाय 3 चा तुकडा? सामान जेमतेम 1,000 चं, पण दिवस तेच चार. एकूण 7,800. फुटाला 650!

म्हणजे भिंतीच्या सवयीने तुम्ही ‘170 रुपये फूट’ बोलून बसलात, की मोठं काम भाव जास्त वाटल्यामुळे हातचं जाईल आणि छोट्या कामात खिशातून घालावे लागतील. म्हणून भाव नगाचा सांगा. माप, रंगांची संख्या, किती फेऱ्या हे कोटेशनमध्ये लिहा आणि एकच रक्कम द्या. त्यात तुमचा नफा धरा आणि एका टचअप फेरीचे पैसेही धरा. ती फेरी होतेच. फर्निचर परत कधी ठेवायचं तेही रंगाच्या डब्यावरची वेळ बघून लेखी द्या. दोन भागांच्या इपॉक्सीला पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि पाहुणे येणार म्हणून सोफा तिसऱ्याच दिवशी सरकवला जातो.

डिझाइनबद्दल एवढंच, की स्वस्तिक, ओम, लक्ष्मीची पावलं चालायच्या जागेत काढू नका. गिऱ्हाईक हौसेने मागतं, आणि मग घरातल्या आजी त्याच्यावर पाय देत नाहीत. सतरंजीचे पट्टे, चौकटी, साधा काठ यांवर काम पटकन होतं आणि दिसतंही नीट. टेपच्या कडेला आधी जमिनीच्याच रंगाचा हलका हात फिरवा, मग नक्षीचा रंग द्या. रंग आत पाझरणार नाही.

भाड्याने राहणारं गिऱ्हाईक आलं तर त्यालाही परत पाठवू नका. जाड कॅनव्हासवर रंगवून द्या. इंग्लंड-अमेरिकेत अठराव्या शतकात हे फ्लोअरक्लॉथ घरोघर होते. स्कॉटलंडच्या कर्कॉडी गावात मायकेल नेर्नने 1847 मध्ये त्यांचा कारखानाच काढला होता. हे काम तुम्ही घरी बसून करू शकता, फेऱ्यांचा खर्च वाचतो. फक्त देताना गुंडाळी करून द्या, घडी घातली की रंगाला तडा जातो.

आणि कुठल्याही घरी जाताना 2 बाय 2 चा प्लायचा तुकडा सोबत न्या, सगळे हात दिलेला, पूर्ण वाळलेला. कॅटलॉग उघडायच्या आधी तो त्यांच्या हातात द्या. त्यावर किल्ली घासून बघू द्या, चहा सांडू द्या.