व्हिक्टोरियाकालीन पोलीस आणि लोकमानस

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) इंग्लंड आणि हिंदुस्थान या दोन्ही देशांत आधुनिक पोलीस व्यवस्था स्थिरावली. परंतु तिच्याविषयीची लोकभावना दोन्हीकडे सारखी नव्हती.

रॉबर्ट पील यांनी १८२९ साली लंडनमध्ये पोलीस दल स्थापन केले, तेव्हा तेथील जनताही नाराजच होती. १८३३ मध्ये एका सभेवरील कारवाईत एक शिपाई मारला गेला, तर चौकशीतील पंचांनी ती हत्या समर्थनीय ठरविली. शिपाई सैनिकासारखा भासू नये म्हणून त्याला निळा गणवेश व साधा दंडुका दिलेला होता. हळूहळू विरोध ओसरला आणि पील यांच्या नावावरून लोक त्याला ‘बॉबी’ म्हणू लागले. गरीब वस्त्यांतील संशय मात्र टिकून राहिला.

हिंदुस्थानातील १८६१ चा पोलीस कायदा १८५७ च्या उठावानंतरचा. त्यामागील आदर्श लंडनचा नव्हता, तर आयर्लंडच्या सशस्त्र दलाचा होता. हे पोलीस सरकारला उत्तरदायी होते, रयतेला नव्हे. १८५० च्या दशकात आपल्या नाशिकमध्येच कबुलीजबाबासाठी झालेल्या छळात एका आरोपीचा मृत्यू झाला होता. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविला. म्हणजे सरकारचाही आपल्या पोलिसांवर विश्वास नव्हता! १९०२ मध्ये नेमलेल्या फ्रेझर आयोगाने तर हे दल भ्रष्ट व जुलमी असल्याचे नमूद केले.

सिन्नरसारख्या तालुक्यातील खेड्यांत सरकार दिसे ते पोलीस पाटलाच्या रूपाने. त्याच्या हाताखाली वतनदार महार गस्त घालीत, चोरांचा माग काढीत, सरकारी खजिना पोहोचवीत. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतन जमीन व बलुते. गावाचे रक्षण करणाऱ्यालाच गावाबाहेर राहावे लागे. त्याच्या दृष्टीने सरकारी हुकूम म्हणजे वेठ. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन विधेयक मांडले. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आणि १९५८ च्या कायद्याने ही वतने संपुष्टात आली.

विद्यार्थी मित्रांनो, पोलिसांविषयीचा आदर वर्दीने मिळत नाही. पोलीस कोणाला उत्तरदायी आहेत, यावर तो ठरतो. तुमच्यापैकी अनेकजण पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. वर्दी अंगावर चढेल तेव्हा हा इतिहास स्मरणात ठेवा. ठाण्याच्या पायरीशी घाबरत उभा राहिलेला माणूस आपल्याच पूर्वजांचा वारस आहे.