अपघातानंतर हात का थरथरतात?



समजा, तुमचे काका संध्याकाळी जीप घेऊन सिन्नरहून नाशिककडे निघाले आहेत. रस्ता मोकळा आहे. वेग ताशी 60 किलोमीटर. एवढ्यात डावीकडच्या शेतरस्त्यावरून एक मुलगा सायकलवरून एकदम समोर येतो. जीप त्याच्यापासून जेमतेम 20 मीटरवर आहे. काका ब्रेक दाबतात, स्टिअरिंग फिरवतात. जीप सायकलच्या मागच्या चाकाला धक्का देऊन कडेच्या बाभळीवर आदळते. मुलगा पडतो आणि त्याचा हात मोडतो.

काका खाली उतरतात. मुलाजवळ बसून त्याला धीर देतात, मागून येणाऱ्या ट्रकला थांबवतात, रुग्णवाहिकेला फोन करतात. जमलेले लोक विचारतात, “तुम्हाला कुठं लागलं का हो?” काका शांतपणे म्हणतात, “छे, मला काही झालं नाही.” लोकांना वाटते, काय धीराचा माणूस आहे!

वीस मिनिटांनी रुग्णवाहिका मुलाला घेऊन जाते. मग हेच काका रस्त्याकडेच्या दगडावर बसतात आणि त्यांचे हातपाय लटलट कापू लागतात. चहाची कपबशी हातात धरवत नाही. अंगाला गार घाम सुटतो.

काका उशिरा घाबरले का? की ते मुळात भित्रे होते? दोन्ही नाही. मग असे का झाले? चला, पाहू.

एका सेकंदाचा हिशेब

प्रथम एक सोपा प्रयोग करा. मित्राला 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. पट्टीच्या शून्याच्या टोकाशी तुमचा अंगठा आणि तर्जनी थोडी फाकवून ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. बहुतेकांची चिमूट 15 ते 25 सेंटिमीटरच्या दरम्यान बसते. पडणाऱ्या वस्तूचे सूत्र तुम्ही शिकला आहात. त्यावरून 20 सेंटिमीटर पडायला 0.2 सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहून बोटांना हुकूम पोहोचेपर्यंत एवढा वेळ गेला!

इथे पट्टी पडणार हे तुम्हाला ठाऊक होते आणि बोटे तयार होती. चालकाचे काम याहून अवघड असते. समोर काहीतरी आले हे दिसणे, ते काय आहे हे ओळखणे, काय करायचे हे ठरवणे आणि मग पाय उचलून ब्रेकवर नेणे, एवढ्याला एक सेकंद सहज लागतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. म्हणजे काकांचा पाय ब्रेकवर पडला तेव्हा मुलगा अवघ्या तीन मीटरवर होता.

शरीराची तयारी

धोका दिसताच मेंदूच्या आतल्या भागातील बदामाच्या आकाराचा एक केंद्रसमूह इशारा देतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. तेथून निरोप निघतो तो अनुकंपी चेतासंस्थेकडे. ही चेतासंस्था आपल्या इच्छेवाचून काम करते. तिच्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि तोंडाला कोरड पडते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी एड्रिनॅलीन हे संप्रेरक रक्तात सोडतात. यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते. त्वचेकडचे रक्त कमी होते आणि स्नायूंकडचे वाढते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 सालच्या आपल्या ग्रंथात या प्रतिक्रियेचे विवेचन केले. ‘लढा किंवा पळा’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली.

आता गंमत पाहा. जंगलात वाघ समोर आला, तर लढणे किंवा पळणे काही मिनिटे तरी चाले. ही तयारी तेथे उपयोगी पडे. मोटारीची टक्कर मात्र सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपते. एड्रिनॅलीनला रक्ताबरोबर साऱ्या शरीरात पोहोचायला काही सेकंद लागतात. म्हणजे शरीर पूर्ण तयार होते तेव्हा टक्कर होऊनही गेलेली असते!

आपल्या हातांत एरवीही डोळ्यांना न दिसणारा बारीक कंप असतो. एड्रिनॅलीन तो वाढवते. काकांना काम होते तोवर स्नायू कामात होते आणि लक्षही मुलाकडे होते. काम संपले आणि कंप जाणवू लागला. म्हणून थरथरणे हा भित्रेपणा नव्हे. ज्या यंत्रणेने काकांना वीस मिनिटे सावध ठेवले, तिचीच ती दुसरी बाजू आहे.

“मला काही झालं नाही” यावर विसंबू नका

दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, इटलीतील अँझिओ येथे हेन्री बीचर हे अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. गंभीर जखमा झालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषध नकोच होते. मोठ्या ताणाच्या वेळी मेंदू वेदनेचे संदेश काही काळ दाबून धरू शकतो. काकांची छाती स्टिअरिंगवर आपटली असेल, तरी ते त्यांना तेव्हा कळणारच नाही.

येथे एक मोठा धोका आहे. ‘शॉक’ हा शब्द आपण मनाच्या धक्क्यासाठी वापरतो. डॉक्टर मात्र तो वेगळ्या अर्थाने वापरतात. पोटात किंवा छातीत रक्तस्राव होऊन अवयवांना पुरेसे रक्त मिळेनासे झाले, की ते त्या स्थितीला शॉक म्हणतात. ती प्राणघातक असते. तिची लक्षणे कोणती? फिकट चेहरा, गार घाम, जलद पण क्षीण नाडी, तहान, अस्वस्थपणा. यांतली बरीच लक्षणे मनाच्या धक्क्यातही दिसतात! रस्त्यावर उभे राहून दोहोंतला फरक आपल्याला ओळखता येणार नाही. म्हणून काकांनाही त्या मुलाबरोबर रुग्णालयात न्यायला हवे होते.

“वेळ होता, तरी मी काही केलं नाही”

काही दिवसांनी काका म्हणतात, “तो मुलगा मला अगदी सावकाश येताना दिसला रे. एवढा वेळ होता, तरी मी काहीच केलं नाही!” या विचाराने त्यांची झोप उडाली आहे.

संकटात काळ खरोखर संथ होतो का? अमेरिकेत डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माणसांना सुमारे 31 मीटर उंचीवरून खालच्या जाळ्यात सोडले. त्यांच्या मनगटावर एक पडदा होता. त्यावरचे आकडे इतक्या झपाट्याने बदलत, की एरवी ते वाचता येत नसत. काळ खरेच संथ झाला असता, तर पडताना ते वाचता आले असते. तसे झाले नाही. मात्र आपण किती वेळ पडत होतो याचा अंदाज प्रत्येकाने सरासरी एक तृतीयांशाहून जास्त सांगितला. म्हणजे काळ संथ होत नाही. भीतीच्या क्षणाची आठवण दाट साठते आणि मागे वळून पाहताना तो क्षण लांब वाटतो. काकांना आठवतो तेवढा वेळ त्यांना कधी मिळालाच नव्हता.

अशी आठवण पहिले काही दिवस न बोलावता येते. हॉर्न वाजला की दचकायला होते, जीपमध्ये बसवत नाही, वाईट स्वप्ने पडतात. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. महिन्याहून अधिक टिकला, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. 1980 साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत यादीत त्याला ‘आघातोत्तर ताण विकार’ अशा अर्थाचे नाव दिले.

मग काकांना बसवून सगळे वदवून घ्यावे का? इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे हे पाहिले गेले. अपघातानंतर लगेच काही रुग्णांकडून सारी हकीकत तपशिलाने वदवून घेण्यात आली. तीन वर्षांनी पाहिले, तर त्यांना काही फायदा झालेला नव्हता. ज्यांना आरंभी जास्त त्रास होता, त्यांची स्थिती उलट अधिक वाईट होती. हे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. म्हणून, सांगावेसे वाटले तर ऐका, खोदून विचारू नका.

आपण काय करावे?

अपघातस्थळी प्रथम 108 किंवा 112 क्रमांकावर फोन करा. जखमींना, आणि धडधाकट दिसणाऱ्या चालकालाही, शक्य तर आडवे करा व पांघरूण घाला. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर हलवू नका. आपल्याकडे लोक आधी पाण्याचा तांब्या आणतात. तो देऊ नका. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर पोटातले पाणी घातक ठरते. कापणाऱ्या चालकाला पुन्हा गाडी चालवू देऊ नका.

जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कायद्याने कर्तव्य आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात त्याला एक अपवाद लिहिलेला आहे: जमाव खवळल्यामुळे ते शक्य नसेल तर! त्या जमावात कधी आपणही असू. चालकावर हात उगारणारा माणूस जखमीची मदतच लांबवत असतो. मदत करणाऱ्याला मात्र भिण्याचे कारण नाही. 2019 साली या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे.

आता पुन्हा काकांकडे वळू. त्यांची काहीच चूक नव्हती, असे त्यांना सांगायचे का? हिशेबच करून पाहा. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले ब्रेक असले, तर ताशी 60 किलोमीटर वेगाची जीप प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून सुमारे 36 मीटरवर थांबते. ताशी 40 किलोमीटर वेगाची सुमारे 20 मीटरवर. मुलगा 20 मीटरवर होता.

तो एक सेकंद काकांच्या हातात नव्हता. कुणाच्याच नसतो. त्याबद्दल त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. शेतरस्ते येऊन मिळतात अशा जागी किती वेगाने जायचे, हे मात्र त्यांच्या हातात होते. उद्या ते तुमच्याही हातात येईल. पट्टी कुठे पकडली तो आकडा वहीत लिहून ठेवा आणि परवाना काढायला जाल त्या दिवशी तो पुन्हा पाहा.