गाडी सुटण्याआधी

पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर नातेवाईक बसलेले असतात, तेव्हा त्यांच्या माणसाला उडवणारी पिकअप कुठल्यातरी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असते. त्या गाडीचा विचार घरातल्या कोणाच्याही मनात नसतो. मालकाच्या मनात मात्र दुसरे काही नसते. पंचनामा झाला, आरटीओच्या निरीक्षकाने ब्रेक तपासले, की गाडी सोडवून पुन्हा भाड्याला लावायची.

भोसरीत मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या एका वकिलांकडे मी कागदपत्रे जमवण्याचे काम करतो. येणारी माणसे मोशी, कुरुळी, म्हाळुंगे, निघोजे या पट्ट्यात राहणारी. लातूर, बीड, नांदेडहून येऊन ठेकेदाराकडे लागलेली. समोरच्या गाडीला विमा असला तर निकालानंतर पैसे विमा कंपनी भरते. विमा नसला तर भरपाई चालक आणि मालकाच्या खिशातून काढावी लागते.

म्हणून गाडीचा नंबर हाती आला की मी आधी वाहन पोर्टलवर विम्याची मुदत बघतो. अपघातानंतर घाईघाईने ऑनलाइन काढलेली पॉलिसीही दाखवली जाते. पण संरक्षण कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू झाले हे पॉलिसीवर छापलेले असते. फिर्यादीतली वेळ तिच्याशेजारी ठेवली की लबाडी उघडी पडते.

मग आरसीवरचे नाव. या पट्ट्यात जुने छोटा हत्ती आणि पिकअप नोटरीच्या कागदावर तीन-तीन हात बदलतात, नावावर कोणी करून घेत नाही. "गाडी मी कधीच विकली," असे मूळ मालक सांगतो, आणि बऱ्याचदा खरेच सांगतो. तरी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे की अपघाताच्या दिवशी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. त्यामुळे दाव्यात त्याचे नाव पहिले घालतो.

सगळ्यात निकडीचे काम मात्र गाडी अडवण्याचे. उषा देवी प्रकरणात, तेही 2018 सालीच, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना नियम करायला सांगितले: अपघातातल्या गाडीला थर्ड पार्टी विमा नसेल तर मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय ती सोडायची नाही, आणि तीन महिन्यांत तारण आले नाही तर लिलाव करून रक्कम दावा न्यायाधिकरणात भरायची. हा नियम माहीत नसलेली घरे फार. मालकाचा अर्ज खेडच्या न्यायालयात जातो, आमच्या लोकांना त्याचा पत्ताही नसतो. आपली हरकत वेळेत दाखल झाली नाही तर गाडी साध्या बंधपत्रावर सुटू शकते, आणि डोळ्यासमोरची एकमेव मालमत्ता निघून जाते. दहाव्याच्या आधी मी घरच्यांना सह्या करायला बोलावतो, तेव्हा त्यांना ते निष्ठुर वाटते. मला ते दिसते, तरी बोलावतो.

एवढी घाई का, ते आकडे सांगतात. अठ्ठावीस वर्षांचा कामगार, पगार महिना 15,000, मागे बायको, मूल, आईवडील. वर्षाचे 1,80,000, पुढच्या पगारवाढीपोटी 40 टक्के धरून 2,52,000, स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता 1,89,000, त्या वयाचा गुणक 17. झाले 32,13,000. सरला वर्मा आणि प्रणय सेठी या निकालांतली ही रीत आहे. जुन्या पिकअपच्या लिलावात याचा लहानसा भागच निघेल. पण बाकी वसूल होईपर्यंत घराच्या हाती तेवढाच पैसा असतो. हिट अँड रनचे दोन लाख इथे मिळत नाहीत. ते गाडी सापडलीच नाही तर. आणि पगाराचा पुरावा? ठेकेदार हजेरीचा कागद देत नाही, म्हणून बँकेचे पासबुक आणि पीएफचा उतारा काढून ठेवायला लावतो.

आणखी एक कागद मी आवर्जून विचारतो: मृताच्या स्वतःच्या दुचाकीची पॉलिसी. गाडी त्याच्याच नावावर असेल, परवाना चालू असेल आणि मालक-चालकाचा अपघात विमा काढलेला असेल, तर मृत्यूनंतर 15 लाख त्याच्याच कंपनीकडून मिळू शकतात. दुचाकी वडिलांच्या नावावर निघाली की ही वाट बंद. किती घरांत ती वडिलांच्या नावावर निघते!

1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे, म्हणून अर्ज लांबवत नाही. विधवा सून गावी परतली असेल तर तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. दर तारखेला लातूरहून पुण्यातले शिवाजीनगर न्यायालय गाठण्याची गरज नाही.

निकालानंतर मालक पैसे भरत नाही, तेव्हा वसुली दाखला मागायचा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. खेड तालुक्यात याला वजन आहे. विम्याचे काही हजार वाचवणाऱ्याच्या नावावर एमआयडीसीलगतची जमीन निघू शकते, आणि तिथल्या गुंठ्याचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दावा दाखल करतानाच मी मालकाचा आठ-अ आणि सातबारा काढतो, आणि सोबत फेरफारही. अपघातानंतर जमीन भावाच्या किंवा बायकोच्या नावे झाली असेल, तर फेरफारावरची तारीख न्यायालयाला दाखवता येते.