गिरी निवडून आले तेव्हा

ग्रामपंचायतीचा निकाल लागला की गावात काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. एका आळीत गुलाल उडतो. दुसऱ्या आळीत दारे लवकर लागतात. पारावर बसलेली म्हातारी माणसे म्हणतात, "कोण का येईना, विहिरीला पाणी आलं म्हणजे झालं."

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत असे सहसा होत नाही. तिथे तुम्ही-आम्ही मत द्यायला जात नाही. आपण निवडून दिलेले आमदार आणि खासदार मत देतात. निकाल लागतो, आपण तो ऐकतो नि आपल्या कामाला लागतो.

पण १९६९ साली तसे झाले नाही. त्या वर्षी २० ऑगस्टला निकाल लागला आणि देशात कोणी आनंदाने नाचले, तर कोणी कपाळाला हात लावला. दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या घरापुढे लोकांची गर्दी झाली. आणि तीन महिने होतात न होतात तोच देशातला सर्वांत मोठा पक्ष दुभंगला. ज्या निवडणुकीत आपले मतच नाही, तिचे लोकांनी एवढे मनाला का लावून घेतले? तेच आम्ही इथे सांगणार आहोत.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी त्यांचे काम पाहू लागले. आता नवा राष्ट्रपती निवडायचा होता. काँग्रेस पक्षात तेव्हा दोन तट पडले होते. एकीकडे इंदिराबाई, दुसरीकडे पक्षाचे जुने पुढारी. जुलैमध्ये बंगळूरला बैठक झाली. जुन्या पुढाऱ्यांनी आंध्रचे नीलम संजीव रेड्डी यांचे नाव धरले. इंदिराबाईंना ते नको होते. पण बैठकीत त्यांची बाजू कमी पडली. आपले यशवंतराव चव्हाणही त्या दिवशी रेड्डींच्याच बाजूने होते. मग इंदिराबाईंनी रेड्डींच्या अर्जावर स्वतः सही केली. ही सही लक्षात ठेवा. पुढे सारे भांडण तिच्यावरूनच झाले.

त्याच महिन्यात दुसरी एक मोठी गोष्ट घडली. १९ जुलैला सरकारने देशातल्या १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या. तोवर या बँका व्यापाऱ्याला, कारखानदाराला कर्ज देत. शेतकऱ्याला बँकेचे दार ठाऊकच नव्हते. त्याला ठाऊक होता तो सावकार. आता आपल्यालाही कर्ज मिळेल, अशी आशा गरिबाच्या मनात आली. टॅक्सीवाले, रिक्षावाले, चांभार अशी माणसे इंदिराबाईंच्या दारी जाऊन त्यांचा जयजयकार करू लागली.

बँकांच्या त्या हुकुमावर सही कोणाची होती? राष्ट्रपतींचे काम पाहणाऱ्या गिरींची. सही केली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी जागा सोडली. कोणत्याही पक्षाच्या नावावर नव्हे, तर आपल्या एकट्याच्या बळावर ते निवडणुकीला उभे राहिले. मग राष्ट्रपती नाही नि उपराष्ट्रपतीही नाही, अशी वेळ आली. निकाल लागून नवे राष्ट्रपती येईपर्यंत देशाचे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी ते काम पाहिले.

गिरी हे मूळचे कामगारांचे पुढारी. रेल्वे कामगारांच्या संघटनेत त्यांनी कितीतरी वर्षे काढली होती. बँकेतल्या नोकरांच्या पगाराच्या तंट्यावरून १९५४ साली त्यांनी केंद्रातले मंत्रिपद सोडले होते. त्यामुळे कामकरी माणसाला ते आपले वाटत.

तिसरे मोठे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. हे तर आपल्या रायगडाजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राकडे ठेवायचे घाटत होते, तेव्हा १९५६ साली त्यांनी मंत्रिपदावर पाणी सोडले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना उभे केले होते. लहानमोठे धरून एकूण १५ उमेदवार होते.

मतदानाला थोडे दिवस उरले आणि गडबड उडाली. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा हे स्वतंत्र पक्षाच्या आणि जनसंघाच्या पुढाऱ्यांना भेटले. "तुमचे दुसरे मत आमच्या रेड्डींना द्या," असे त्यांचे म्हणणे. इंदिराबाईंच्या बाजूची माणसे म्हणाली, "विरोधकांशी असा सौदा करता? मग आम्हीही बांधलेले नाही." इंदिराबाईंनी सांगितले की प्रत्येकाने आपल्या विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे. रेड्डींना देऊ नका, असे त्या उघड बोलल्या नाहीत. पण शहाण्याला समजायचे ते समजले.

आता हे "दुसरे मत" काय असते? ते कळल्याशिवाय निकाल कळणार नाही. पाटी घ्या, आपण गणित मांडून पाहू.

समजा, गावच्या भजनी मंडळाचा प्रमुख निवडायचा आहे. २१ माणसे मत देणार. उभे आहेत तिघे: गुरुजी, पाटील आणि सुतार. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली पहिली पसंती लिहायची, तिच्याखाली दुसरी पसंती लिहायची. जिंकायला निम्म्याहून जास्त, म्हणजे ११ मते हवीत. चिठ्ठ्या उघडल्या. गुरुजींना १०, पाटलांना ८, सुताराला ३. अकरा कोणालाच नाहीत. मग सर्वांत कमी मते असलेल्या सुताराला बाजूला करायचे आणि त्याच्या तीन चिठ्ठ्यांवर दुसरे नाव कोणाचे आहे ते पाहायचे. दोन चिठ्ठ्यांवर पाटील निघाले, एकीवर गुरुजी. गुरुजींचे झाले ११, पाटलांचे १०. गुरुजी निवडून आले. जेमतेम आले, पण आले.

दिल्लीत असेच झाले, फक्त आकडे मोठे होते. तिथे सगळ्यांच्या मताला सारखे वजन नसते. राज्यात लोक किती आणि आमदार किती, हे पाहून आमदाराच्या मताची किंमत ठरते. त्या वेळी महाराष्ट्रातल्या एका आमदाराचे मत १४६ धरले जाई. एका खासदाराचे मत ५७६ धरले जाई. देशभरची सारी मते मिळून ८,३६,३३७ भरली. जिंकायला हवी होती ४,१८,१६९.

पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५ मिळाली. रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. पुरेशी कोणालाच नाहीत. मग तळापासून एकेकाला वगळत गेले. शेवटी देशमुखांच्या चिठ्ठ्यांची पाळी आली. त्यांतल्या पुष्कळशा रेड्डींकडे गेल्या. अंतर भराभर कमी झाले. गिरींच्या बाजूच्या लोकांचा जीव तेव्हा खालीवर झाला असेल. अखेर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. हव्या त्या आकड्यापेक्षा गिरींना १,९०८ मते जास्त पडली. खासदाराच्या एका मताची किंमत ५७६, हे आठवा. म्हणजे चार खासदार जरी इकडचे तिकडे झाले असते, तरी गिरी त्या आकड्याच्या खाली आले असते!

असा निकाल लागल्यावर सगळे एका सुरात कसे बोलणार?

कामगारांच्या संघटनांना वाटले, आपला माणूस राष्ट्रपती झाला. कम्युनिस्ट पक्षांनी, तसेच मद्रासकडच्या द्रविड मुन्नेत्र कळघम आणि पंजाबच्या अकाली दलाने गिरींना पाठिंबा दिला होता. तेही खूश झाले. बँकेच्या कर्जाकडे डोळे लावून बसलेल्या गरिबाला वाटले की इंदिराबाई जिंकल्या, म्हणजे आपणच जिंकलो. खरे तर इंदिराबाई उभ्याच नव्हत्या. पण लोकांनी निकालाचा अर्थ तसा लावला.

जुन्या काँग्रेसवाल्यांना मात्र ही गोष्ट फार लागली. ते विचारीत, "अर्जावर सही तुमची. मग तोच माणूस तुमच्याच लोकांनी पाडायचा? उद्या पक्षाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?" हे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. सही केलेला कागद म्हणजे दिलेला शब्द. आमच्या मते इथे इंदिराबाईंची बाजू लंगडी होती. पण विवेकबुद्धीने मत द्या म्हणणे हा गुन्हा होता, असेही आम्हाला म्हणवत नाही. ही चिठ्ठी गुप्त असते, ती कशासाठी?

आणि मराठी माणसाला देशमुखांबद्दल चुटपुट लागणे साहजिक होते. महाराष्ट्रासाठी खुर्ची सोडणारा हा माणूस. पण त्याच्या मागे उभे राहिलेले पक्ष बँका सरकारने घेण्याच्या विरुद्ध. एकाच माणसाच्या मनात दोन्हीकडून ओढ असली, तर त्यात नवल ते काय!

२४ ऑगस्टला गिरींनी शपथ घेतली. १२ नोव्हेंबरला काँग्रेसच्या जुन्या पुढाऱ्यांनी इंदिराबाईंना पक्षातून काढले. पक्षाची दोन शकले झाली. चव्हाण या वेळी इंदिराबाईंकडे राहिले.

बँकांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांचा तो कायदा रद्द केला. चार दिवसांत सरकारने नवा हुकूम काढला. त्यावर राष्ट्रपती म्हणून सही गिरींचीच. बँका सरकारकडे राहिल्या. कर्ज मात्र प्रत्येकाच्या दारी काही चालत आले नाही. कागद आणा, सातबारा आणा, जामीन आणा, हे हेलपाटे आपल्याला ठाऊक आहेतच.

ज्यांना निकाल मान्य नव्हता, त्यांतल्या काहींनी सर्वोच्च न्यायालयात दावे लावले. मतदानाआधी रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक खासदारांत वाटले गेले होते. त्याने मते फिरली, निवडणूक रद्द करा, अशी मागणी होती. राष्ट्रपतीला कोर्टात जाऊन उभे राहण्याची सक्ती कायद्याने नाही. तरी गिरी स्वतः गेले. देशाच्या राष्ट्रपतीने साक्षीदार म्हणून जबानी दिली आणि वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. १९७० मध्ये न्यायालयाने दावे फेटाळले. ज्यांच्या मनात अढी होती, त्यांची ती गेली असेल असे नाही. पण प्रश्न रस्त्यावर दगड मारून सुटला नाही, तो कोर्टात मांडून सुटला. गिरी पूर्ण पाच वर्षे, १९७४ पर्यंत राष्ट्रपती राहिले.

आणि पडलेले रेड्डी? निवडणुकीला उभे राहण्यासाठी त्यांनी लोकसभेचे अध्यक्षपद सोडले होते. तेही गेले नि हेही गेले. ते आंध्रात आपल्या गावाकडे परतले आणि शेती पाहू लागले. आठ वर्षे गेली. १९७७ साली पुन्हा राष्ट्रपती निवडायची वेळ आली, तेव्हा लोकांना त्यांचेच नाव आठवले. या वेळी ते बिनविरोध निवडून आले. चिठ्ठ्या मोजण्याची गरजच पडली नाही.